दगड आणा, मग बोला

दगडाची चव घेतल्याशिवाय धंदा न करणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच जन्माला आला असावा, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. जमिनीच्या पोटात कोणतं खनिज दडलंय हे बघायला जी खोल भोकं पाडतात, त्यांना लागणारा सगळा जामानिमा मामांच्या पडेगावच्या दुकानात मिळायचा. हिऱ्याची बारीक कणी बसवलेली बिटं, लोखंडी नळ्या, पाण्यात कालवायची पावडर, ग्रीसचे डबे. हे बिट बांगडीसारखं मधून मोकळं असतं. ते दगड कापत खाली जातं आणि मधल्या पोकळीत दगडाची लांब कांडी उरते, तिला कोर म्हणतात. मी असे कोर काढणाऱ्या एका लहानशा कंपनीत भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन नोकरीला लागलेला, त्यामुळे मामा माझे मामेसासरेही होते आणि पुरवठादारही. या दोन्ही नात्यांत त्यांनी मला कधी नीट बसू दिलं नाही.

दुकानात गिऱ्हाईक आलं की मामांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "दगड आणा, मग बोला." दगड आणला की ते तो आधी लुंगीला पुसत, नखानं खरवडत, कानाशी धरून टिचकी मारत आणि शेवटी सरळ जिभेला लावत. ओला झाला की दाणा दिसतो, एवढंच त्याचं कारण होतं, पण मामांची तंद्री बघून वाटायचं की आता मीठ कमी आहे म्हणतील. एकदा एका मोठ्या कंपनीतला साहेब इस्त्रीच्या कपड्यांत आला आणि म्हणाला, सगळी माहिती मेलवर पाठवली आहे. मामांनी त्याला चहा पाजला, बिस्किटं खाऊ घातली आणि रिकाम्या हातानं परत पाठवला. "मेल चाटता येत नाय साहेब," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी पोटदुखीसाठी तपासताना विचारलं, बाहेरचं काय खाता? मामा प्रामाणिकपणे म्हणाले, "ग्रॅनाइट. पर लई नाय."

त्यांच्या शास्त्राचा पाया एकच, कडक दगडाला मऊ बिट आणि मऊ दगडाला कडक. ऐकायला उलटं वाटतं, पण कडक दगडात बिटाचा मऊ धातू झिजत जातो, आतली नवी कणी उघडी पडते आणि काम पुढं सरकतं. कडक बिट तिथं नुसतं गुळगुळीत होऊन घसरत बसतं. हा नियम मामा जगातल्या कुठल्याही भांडणाला लावत. माझ्या लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात मला ओढून ते म्हणाले, "जावईबापू, आमची पोरगी कडक हाय. तुमी मऊ ऱ्हावा. झिजताल, पर चालताल." त्याच मांडवात त्यांनी भाचीला लाल मखमली डबी दिली, तेव्हा मामानं हिरे दिले म्हणून बायकांत केवढी कुजबुज उठली! डबी उघडली तर आत झिजून गेलेलं एक जुनं बिट होतं. "हिऱ्याचंच हाय की," मामा म्हणाले. "लई खोल जाऊन आलंय बिचारं." आमच्या घरात ते आजही आहे. बायको त्यावर गरम पातेलं ठेवते.

पण या माणसानं उभ्या आयुष्यात कोर जमिनीतून निघताना पाहिला नव्हता. त्यांची बिटं छत्तीसगडात गेली, झारखंडात गेली, भंडाऱ्याच्या मँगनीजच्या पट्ट्यात गेली. मामा मात्र पडेगावच्या पुढं गेले तर पाचोडच्या बाजारापर्यंत, तेही मामींनी धोशा लावला म्हणून. दुकान सोडून जायचं म्हटलं की त्यांच्या जिवाला घोर लागे. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक ड्रिलरला ते एकच प्रश्न विचारत, "कोर वर आला की हाताला कसा लागतो? गार का गरम?" कुणी म्हणे बर्फासारखा गार, कुणी म्हणे चटका बसतो. खरं तर कुणी ध्यान देऊन हात लावलाच नव्हता. सगळे हातमोजे घालून काम करणारे, मीसुद्धा त्यांतलाच. मी एकदा म्हटलं, मामा, साईटवरून व्हिडिओ कॉल लावतो, बघा निवांत. तर ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "मोबाइलात गार-गरम कळतं व्हय?"

शेवटी गेल्या हिवाळ्यात मामांना साईटवर नेणारच म्हणून मीच हट्टाला पेटलो. भंडाऱ्याकडे आमचं काम चालू होतं आणि तिथलं बिट मामांनीच निवडून दिलेलं. मामींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. मामांनी नवा पांढरा सदरा घातला, दुकानातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले, शटर ओढलं आणि गाडीत पुढच्या सीटवर बसले. गाडी वळणापर्यंत गेली नाही तोच फोन वाजला. रायगडच्या बाजूचा एक ड्रिलर रडकुंडीला आलेला, कोर धरून ठेवणारं कडं तुटलं होतं, रिग म्हणजे भोक पाडायचं मशीन बंद पडलं होतं. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी थांबवा. रिग उभी हाय म्हंजे माणसं उभी हायती." मी चिडलो, विनवण्या केल्या, कुणाला तरी किल्ली देऊ म्हणालो. पण कुठल्या दगडाला कुठलं कडं हे दुसऱ्या कुणाला कळणार, म्हणत ते उतरले. खिडकीतून आत वाकून हसले, "दगड कुटं पळून चाललाय? एवढी वर्सं थांबलाय, आनखी महिनाभर थांबंल." दशम्या मी एकट्यानंच खाल्ल्या.

दगड थांबला, मामांनाच थांबता आलं नाही. तो महिना संपायच्या आतच त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि दुकानाचं शटर जे खाली आलं ते आलंच. मला फार वाईट वाटलं. इतकं सोपं, इतकं जवळचं काहीतरी एका माणसाला हवं होतं, आणि ते आता कुणालाच देता येणार नव्हतं.

नंतरच्या खेपेला भंडाऱ्याला गेलो तेव्हा त्याच बिटानं काम चालू होतं. नळी वर आली, कोर पेटीत घरंगळला, तसा मी हातमोजा काढून तळवा त्यावर टेकवला. मग एक वीतभर तुकडा मागून घेतला, कोरड्या फडक्यात गुंडाळला आणि बायकोच्या चपात्यांच्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवला. असा डबा दगडाची ऊब किती वेळ राखतो हे मला माहीत होतं, पण दुसरं काही सुचलं नाही.

पडेगावला पोचलो तेव्हा मामा खाटेवर उशीला टेकून बसले होते. डबा बघून म्हणाले, "भाकरी आणली व्हय?" मी एव्हाना गार पडलेला कोर त्यांच्या उजव्या हातात दिला. त्यांनी तो आधी गालाला लावला, मग सवयीनं जिभेला. "बिट बराबर दिलतं," ते अडखळत म्हणाले. मग, "निगाला तवा? गार का गरम?"

"कोमट होता मामा. धारोष्ण दुधासारखा."

"कोमट," ते म्हणाले, आणि हसले. "समदे लबाड. कुणी गार, कुणी गरम." हसता हसता त्यांचे डोळे भरले. "त्या दिशी मी उगंच उतरलो जावईबापू."

"रिग उभी होती ना मामा."

"व्हय. रिग उभी व्हती."

मग त्यांनी तो कोर आपल्या निकामी डाव्या हातात ठेवला आणि उजव्या हातानं त्या हाताची बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवली. हाताची ऊब दगडाला लागेपर्यंत धरून बसायचं असावं. मी निघालो तेव्हाही ते तसेच बसले होते.