फवारेंचा शेवटचा बनियन

तिच्या नवऱ्याला सगळे 'फवारे' म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण पाठीवर पंप नसलेले ते कुणी पाहिलेच नव्हते. गवताची काडी उगवली की मार तणनाशक, पानावर ठिपका दिसला की मार बुरशीनाशक. पाहुणा दारात जास्त वेळ रेंगाळला तर त्याच्यावरही मारतील, असं ती म्हणायची. फवारे गेले आणि चेष्टा करायलाही घरात कुणी उरलं नाही.

शेत तिच्या गळ्यात पडलं. नांगरताना मागच्या पिकांची धाटं जशीच्या तशी वर यायची. माती तपासणाऱ्या बाई आल्या, त्यांनी ढेकूळ फोडून पाहिलं.

"काकू, पालापाचोळा कुजवणारे बारीक जीव औषधांनी पार कमी झालेत. एक सुती कपडा मातीत पुरून ठेवा, काही दिवसांनी उकरून पाहू. कापूस म्हणजे शेवटी झाडच. त्याच्या चिंध्या झाल्या तर समजा, माती जिवंत आहे."

घरात निव्वळ सुती असे फवारेंचे बनियनच होते. पहिला अखंड निघाला. बाईंचं तोंड उतरलं. तिने मात्र तो धुऊन, घडी घालून कपाटात ठेवला. खोटं कशाला बोला, तिला बरंच वाटलं.

मग तिने फवारणी बंद केली, शेणखत घातलं. दरवर्षी बाई यायच्या, बनियन पुरला जायचा. आधी भोकं पडली, मग नुसत्या चिंध्या. पीक सुधारलं आणि कपाट रिकामं होत गेलं.

शेवटचा एक उरला, तेव्हा ती चाचरत म्हणाली, "दुसरं कापड आणू का?"

"तुलना करायची तर कापड तेच हवं, काकू."

नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. तिच्या दारात येणारं माणूस ते एवढंच. म्हणून तिने जागा हेरून निवडली. हौदाजवळ, जिथे फवारे रोज पंप धुवायचे आणि गवतसुद्धा उगवायचं नाही. इथे याला काही होत नाही, याची तिला खात्री होती.

ठरल्या दिवशी बाईंनी तिथे उकरलं. हातात फक्त शिवणीचा नायलॉनचा दोरा आला.

"काकू, ही जागासुद्धा जिवंत झाली!" बाईंनी तिचे हात धरले. "सुटलात तुम्ही. आता मला यायची गरजच नाही."

तिला रडू फुटलं. बाईंना वाटलं, आनंदानेच.