आधी स्कूटरभोवती दोन फेऱ्या

"ही आमची धक्का स्टार्ट," व्हॅनवाले काका शेजारच्या आजोबांना सांगत होते. "घर आलं तरी बसून राहते. 'उतर बेटा' म्हटलं की उतरते. एखाद्या दिवशी म्हणायचं राहिलं, तर माझ्यासोबत पेट्रोल पंपावर येईल."

आजोबा हसले. मी फाटकाच्या आत, जास्वंदीमागे उभी होते. माझी भाची व्हॅनमध्ये मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. समोर घर दिसत होतं, घराच्या दारात तिची मांजर दिसत होती, तरी ती काकांच्या तोंडाकडे बघत होती.

"उतर बेटा," काका म्हणाले, आणि ती टुणकन उतरली.

तिला काही वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं. मी अर्थातच जास्वंदीमागेच उभी राहिले.

भाची दुसरीत आहे. तिला सगळं येतं. फक्त दोन गोष्टींच्या मध्ये ती थांबते. वही काढली की वर बघते. पेन्सिल हातात घेतली की वर बघते. आणि आमच्या घरात वर बघितलं की कोणी ना कोणी असतंच. दादा, वहिनी, आई आणि मी, एका मुलीला चार मोठी माणसं.

"वही काढ," आई म्हणते. "अगं काढ की. लई वेळ लावते ही पोरगी. आता तारीख टाक." तोवर दादाने पेन्सिलीला टोक केलेलं असतं आणि वहिनींनी पहिला शब्द सांगितलेला असतो.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली तेव्हा मी एक चार्ट केला. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते आणि चार्ट मला चांगले जमतात. दप्तर, डबा, हातपाय, अभ्यास अशी चित्रं काढली, प्रत्येकापुढे चांदणी चिकटवायला चौकोन आखले आणि तिच्या उंचीवर भिंतीला लावला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"आत्या, आता चार्ट बघू का?"

दादा आठवडाभर यावरून मला चिडवत होता. मी कपाटातून टॉवेल काढायला गेले तरी मागून विचारायचा, "आत्या, चार्ट बघितला का?"

वहिनींना मात्र हसू येत नव्हतं. त्या लॅबमध्ये काम करतात, सकाळी सातला जातात आणि संध्याकाळी दमून येतात. मागच्या गल्लीत एक मॅडम ट्यूशन घेतात. प्रत्येक मुलाला समोर बसवून ओळ न् ओळ करून घेतात, अशी त्यांची ख्याती आहे. सोमवारपासून भाचीने तिथे जायचं, असं वहिनींनी ठरवलं. मॅडमना शुक्रवारी संध्याकाळी फोन करून नक्की सांगायचं होतं.

"मला नाही जायचं तिथं," भाची मला जेवताना म्हणाली.

"मग आईला सांग."

तिने वरणात बोट फिरवलं. "तू सांग."

मी म्हटलं, बघू. माझं लग्न झालेलं नाही, मूल नाही, आणि वहिनींना मुलगी कशी वाढवायची हे सांगणारी नणंद मला व्हायचं नव्हतं. शिवाय मी स्वतः अशीच वाढले आहे. आमच्या इंग्रजी शाळेत सूचना मिळेपर्यंत पेपर उलटायचा नाही असा नियम होता. तो मी इतका पाळला की दरवर्षी प्रगतिपुस्तकात 'अतिशय आज्ञाधारक' असा शेरा मिळायचा. अजूनही मीटिंगमध्ये कोणी नाव घेऊन विचारल्याशिवाय माझा माईक सुरू होत नाही. पण ट्यूशनमुळे तिची वर बघायची सवय आणखी पक्की होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

शुक्रवारी दुपारी आई मसाल्याचं सामान आणायला शहागंजला गेली होती. मी खिडकीशी बसून कॅमेरा बंद ठेवून मीटिंग ऐकत होते. भाची अंगणात पायरीवर मांजरीशी बोलत होती. तेवढ्यात नळ फुसफुसला.

आमच्याकडे नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येतं. येताना आधी नळातून नुसती हवा येते, आणि तो आवाज ऐकून घरातला माणूस अंघोळ अर्धी सोडून धावतो. आधीचं गढूळ पाणी बादलीत धरायचं, स्वच्छ आलं की नळाला पाईप लावून दुसरं टोक हौदाच्या झाकणातल्या भोकात सोडायचं. एरवी हे होताना घरात चार माणसं चार खोल्यांतून ओरडत असतात.

भाचीने नळाकडे बघितलं. मग माझ्या खिडकीकडे बघितलं.

मी पडद्यामागे सरकले. हे मी विचारपूर्वक केलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण खरं म्हणजे कोणी बघितलं की सरकायची मला सवयच आहे. सरकल्यावर लक्षात आलं की आता काही बोलायचं नाही. मी मनात आकडे मोजू लागले.

दहापर्यंत ती उभीच होती. मग तिने चपलेचा बंद लावला, काढला, परत लावला. माझ्या जिभेवर 'बादली' हा शब्द येऊन बसला होता. पंधराला ती माझ्या स्कूटरभोवती चालायला लागली. एक फेरी. दुसरी फेरी. एव्हाना आमच्यापैकी कोणीही ओरडलं असतं की खेळतेस काय. पण पडद्याच्या फटीतून तिचा चेहरा दिसत होता, आणि ती खेळत नव्हती. तिचे ओठ हलत होते. ती क्रम लावत होती.

सत्तावीसला ती पळाली आणि मोरीतली बादली घेऊन आली. मग परत आत जाऊन स्टीलचा नाही, काचेचा पेला आणला. आमच्या घरात हे कोणी कधी केलेलं नाही. पेल्यात पाणी धरून तिने तो उन्हात उंच केला.

"चहा," ती मांजरीला म्हणाली आणि पेला बादलीत ओतला. थोड्या वेळाने परत धरला. "सरबत." तिसऱ्यांदा धरला तेव्हा बराच वेळ बघितलं. "पाणी."

आणि मग तिने पाईप लावला. पहिल्यांदा तो निसटला, ती नखशिखांत भिजली, मांजर भिंतीवर गेली. दुसऱ्यांदा बसला. माझ्या कानात कोणीतरी तिसऱ्यांदा माझं नाव घेत होतं. मी माईक सुरू करून नेटवर्कला दोष दिला.

आई रिक्षातून उतरली तेव्हा हौद अर्धा भरला होता. "कुणी लावला ग पाईप? तू व्हय?" आईने मला विचारलं. मी भाचीकडे बोट केलं. आईने पिशव्या खाली ठेवल्या आणि तिचे ओले केस पदराने खसाखसा पुसले.

संध्याकाळी वहिनींना आईनेच सगळं सांगितलं, पेल्यासकट. वहिनी हसल्या, लेकीला जवळ घेतलं, पण फोन हातात घेतलाच.

"पाण्याचं वेगळं, अभ्यासाचं वेगळं, ताई," त्या मला म्हणाल्या. "अभ्यासाला बसेल का ही अशी आपणहून? तुम्हीच सांगा."

मी काही सांगायच्या आत भाची दप्तर घेऊन आली आणि सतरंजीवर बसली. बसली आणि पेन्सिल कानाला लावून खोडरबरावरचं अस्वल निरखू लागली. आई कॉटवरून पुढे झुकली. दादा टीव्ही बंद करून आला. वहिनी एका हाताने मॅडमचा नंबर शोधत तिच्यासमोर उभ्या राहिल्या. तिचे ओठ हलत होते, हे फक्त मला दिसलं. ती आता वर बघणार, हेही दिसलं.

"बघा," वहिनी म्हणाल्या. आईचं तोंड उघडलं होतं.

"थांब आई," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "वहिनी, फोन पुढच्या शुक्रवारी करा. आता सगळे अंगणात चला. मी पण येते."