कुंकू लागलेल्या गोळ्या

आमच्या बालाघाटच्या नेमबाजी क्लबात दसऱ्याला शस्त्रपूजा होते. टेबलावर लाल कापड अंथरतात, रायफली आणि छोटी पिस्तुलं पुसून मांडतात आणि त्यांच्याशेजारी गोळ्यांचा एक डबा उघडून ठेवतात. गुळगुळीत धातूवर कोरडं कुंकू टिकत नाही, म्हणून काका ते तेलात कालवायचे. पहिलं बोट लावायचा मान माझा. क्लबात मुली दोनच, मी आणि काकांची लेक. पण तिला सोडून ते वाटी माझ्यापुढे धरायचे. मी त्याची केवढी मिजास करायचे!

काका नात्यातले नव्हेत. भरवेलीच्या खाणीतले बाबांचे जुने सोबती आणि क्लबाचे प्रशिक्षक. पिस्तूल धरायला त्यांनी शिकवलं, आणि गोळी निवडायलाही त्यांनीच. आमच्या पॉइंट टू-टूच्या गोळीत पेट घेणारी दारू बुडाच्या कडेत असते. ती नीट पसरलेली नसली, किंवा ओल-तेल आत उतरलं, की चाप ओढल्यावर नुसतं टक् वाजतं आणि बाकी सगळा फुसका बार. महागाचं पिस्तूल काय कामाचं मग?

त्या वर्षी काकांनी आणि मी पावसाळाभर गोळ्याच पारखल्या. जोरकस गोळ्या माझ्या पिस्तुलाला मानवत नव्हत्या, रिकामी पुंगळी अडकायची. शेवटी निळ्या डब्यातल्या, मऊ शिशाच्या, वरून मेण लावलेल्या संथ गोळ्या जमल्या. कागदावर भोकाला भोक लागायला लागलं तेव्हा काकांनी माझ्या पाठीत धपका घातला होता. दसऱ्याला त्यातलाच एक डबा पूजेला बसला. पूजेतल्या गोळ्या मात्र स्पर्धेत न्यायच्या नाहीत, हा काकांचाच दंडक. "तेल आत उतरते पोरी," ते म्हणायचे, "त्या सरावात उडवून टाकायच्या."

थंडीत जबलपूरला संभागाची, म्हणजे विभागाची, निवड होती. राज्याच्या संघात जायला मुलींमधून एकच जागा. काकांची लेक आणि मी, दोघीही उतरलो होतो. लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या आम्ही, पण ती जागा मला हवी होती. अगदी हपापल्यासारखी हवी होती. सरावात मी तिच्या पुढे होते, आणि हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

सकाळी काकांनी दोघींना गोळ्या वाटल्या. माझा डबा हातात देताना म्हणाले, "ह्या तुह्यासाठी निवडून ठेवल्या हायेत." मी वाकून नमस्कार केला.

पहिल्या काही फैरी सुरेख गेल्या. मग चाप ओढला आणि टक्. नियमाप्रमाणे नळी निशाण्याकडेच ठेवून मी हात वर केला. पंचांनी पाहिलं आणि ती फैर पुरी करू दिली. एका टप्प्यात अशी माफी एकदाच मिळते. थोड्या वेळानं पुन्हा टक्. या वेळी माफी नव्हती, राहिलेल्या गोळ्यांना शून्य. तिथेच माझी निवड संपली. शेजारच्या जागेवरून तिच्या पिस्तुलाचा आवाज एकसारखा येत होता.

पंचांनी ती न उडालेली गोळी तपासून जमा करायला काकांकडे दिली. काकांनी लगेच मूठ मिटली. का कोण जाणे, मी ती मूठ उघडायला लावली. बुडाच्या कडेवर पिस्तुलाच्या घोड्याच्या ठोक्याची खूण ठसठशीत उमटली होती, म्हणजे पिस्तुलानं आपलं काम चोख केलं होतं. गोळी फिरवून पाहिली. शिशाच्या खाचेत, मेणात रुतलेली, लाल रेघ होती. नखानं खरवडली तर कुंकू.

"काका, हे काय हाय?"

त्यांनी अंगठ्यानं ती पुसली. "देवीचा प्रसाद समज. कोणाले लाभते, कोणाले नाही."

"पण सरावात उडवायच्या होत्या ना ह्या? तुम्हीच सांगितलं होतं."

"डबा बदलला असन गडबडीत," ते म्हणाले आणि लेकीचं पिस्तूल पेटीत ठेवायला वळले.

गडबडीत डबा बदलतो, मान्य. पण गडबडीत कोणी एकेक गोळी घेऊन तिच्यावरचं कुंकू पुसत बसत नाही. केसानं गळा कापतात तो असा. संताप तर झालाच, पण त्याहून लाज वाटली, सकाळच्या त्या नमस्काराची. परतीच्या गाडीत त्यांची लेक माझ्या गळ्यात पडून रडली, तिला जागा मिळाली म्हणून नव्हे, माझी हुकली म्हणून. तिला काही माहीत नव्हतं. मीही काही बोलले नाही. बाबांनाही सांगितलं नाही. त्यांचा एकुलता एक मित्र मी कशी हिरावून घेऊ?

पुढच्या दसऱ्याला बाबांनी ओढूनच नेलं. तेच लाल कापड, निळा डबा उघडलेला. काकांनी सगळ्यांसमोर वाटी माझ्यापुढे धरली. "ये पोरी, पहिलं कुंकू तूच लाव."

मी बोट बुडवलं. एकेका गोळीला नीट, पुसता येणार नाही असं, खाचेत दाबून लावलं. मग विचारलं, "काका, यंदा ह्या कोणाले देणार?"

लोक हसले. त्यांची लेकही हसली. मग तिनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू थांबलं.

"बाबा?" ती म्हणाली.