दत्ताचा बाजा, लाल डबी आणि निळी डबी

आमच्या बँडचं एक गाणं बसायला महिने लागतात, किस्से मात्र न वाजवताच जमतात! चार टाळकी चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "राव, तो बिबट्याचा सांग ना!" मग काय, चहा गार.

आम्ही तिघं. गिटार मी, ड्रमवर जुन्नरचा इम्रान (पोटापाण्याला बॅटऱ्यांचं दुकान) आणि माउथ ऑर्गनवर, म्हणजे आमच्या भाषेत बाज्यावर, घोडेगावजवळचा दत्ता. वाजवतो ब्लूज रॉक. म्हणजे रडगाणंच, पण दणक्यात! दत्ता माइक आणि बाजा एकाच मुठीत धरतो. माइकची वायर त्याच्या पायाशी ठेवलेल्या दोन डब्यांतून अँप्लिफायरला जाते. लाल डबी पायानं दाबली की बाजा गुरगुरतो, निळी दाबली की सूर घुमत घुमत परत येतो.

दत्ताच्या वडिलांना, अण्णांना, हे अजिबात पटायचं नाही. अण्णा बैलगाडा शर्यतीतले गाडामालक, सगळा जीव सर्जा नावाच्या बैलावर. आमची प्रॅक्टिस गोठ्याशेजारच्या, कांदे साठवायच्या रिकाम्या चाळीत. आम्ही वायरी जोडायला लागलो की अण्णा कानाला मफलर गच्च गुंडाळून सर्जाला खरारा करायला जायचे. "जत्रंत बारकी पोरं फुंकत्यात ते खेळणं, अन् ह्यो तीस वर्साचा घोडा!"

दत्ता हसण्यावारी न्यायचा. पण एकदा मला म्हणाला, "त्यांनी एकदा नीट ऐकावं, बास. मग शिव्या दिल्या तरी चालतील." मला फार वाईट वाटलं.

*

एका दुपारी दत्तानं लाल डबी दाबून लांबलचक सूर ओढला. थोड्याच वेळात काठ्या घेऊन अर्धी वस्ती दारात! "उसात बिबट्या गुरगुरतोय, तुमी भाईर येऊ नका!"

दत्तानं तोच सूर पुन्हा वाजवून दाखवला. काठ्या खाली आल्या. मग एक आजोबा म्हणाले, "भाऊ, लई झ्याक. रोज सांच्याला वाजवत जा, आमची कुत्री तरी वाचतील!"

*

लोणीला एका लग्नात दत्ताचा सोलो ऐन रंगात आलेला. तेवढ्यात नवरदेवाच्या मामांनी त्याच्या मुठीतून माइकच काढून घेतला. निळी डबी चालूच! "पावण्यांनी जेवायला बसावं... बसावं... बसावं..."

पंगतीतून एक पाहुणा ओरडला, "आवो बसलोय की! किती येळा सांगताय?"

*

डिंभ्याच्या एसटीत कंडक्टरनं दत्ताच्या कमरेचा पट्टा पाहिला. त्यात ओळीनं खोचलेले बाजे.

"एवढे कशाला?"

"प्रत्येक पट्टीला वेगळा लागतो."

कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला, "मागल्या टायमाला ऐकलं व्हतं तुमचं. पण गाणं तर तुमी एकच वाजवता राव!"

*

आणि हा यात्रेचा. संध्याकाळी आमचा कार्यक्रम, म्हणून सगळं सामान पिकअपमध्ये घेऊन आम्ही सकाळीच घाटात, म्हणजे बैलगाडे पळवायच्या धावपट्टीवर, शर्यत बघायला गेलो होतो. सर्जाचा नंबर जवळ आला आणि भोंग्यांच्या आवाजानं तो बिथरला. जुवाखाली येईना. अण्णांनी गूळ दिला, पाठ थोपटली, गयावया केली. वरून पुकारा झाला, "आता जुपा, न्हाईतर गाडा बाद!"

वर्षभराची मेहनत मातीत चाललेली. अण्णांचा चेहरा बघवेना. एकदम ते वळले. "दत्त्या, तुझा बाजा काढ!"

दत्तानं खिशातला बाजा काढून तसाच वाजवला. सर्जानं शिंगं उगारली.

"तसं न्हाई रं! डब्यांवरनं वाजव!"

पिकअप मागं घेतली. इम्राननं बॅटरी जोडली. घाबरलेल्या दत्तानं डबीवर पाय ठेवला आणि पहिला सूर गुरगुरला.

अण्णांनी कानावरचा मफलर उपसून फेकला आणि सगळ्या घाटासमोर ते ओरडले, "लाल नको, निळी दाब! अन् त्यो खालच्या सुराचा बाजा घे, परवा शेवटाला वाजवला त्यो. त्यालाच गप उभा ऱ्हातो सर्जा!"