तक्त्यातले हिरवे चौकोन

लिफ्टची दुरुस्ती करणाऱ्या एका मिस्त्रीने सायकल हातात घेतली ती सत्तेचाळिसाव्या वर्षी, गुडघे कुरकुरायला लागले म्हणून. दोन वर्षांत तिने त्याला पुरतं झपाटलं. शहराबाहेरची चढण तो एकवीस मिनिटांत चढे. विसाच्या आत यायचंच, असं त्याने मनावर घेतलं. व्यावसायिक सायकलपटूंचा सरावाचा तक्ता त्याने कुठूनसा मिळवला, छातीला नाडी मोजणारा पट्टा बांधला आणि रोज सकाळी चढणीला भिडू लागला. चार मिनिटं जीव तोडून, तीन मिनिटं सावकाश, असं पाचदा.

बायको शाळेत गणित शिकवायची, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. फ्रिजवरच्या तक्त्यातले हिरवे चौकोन कसले, तिने विचारलं.

"आरामाचे दिवस," तो म्हणाला.

"ते कधी पाळता तुम्ही?"

"ते दिवसभर सायकलच चालवणाऱ्यांसाठी. मला वेळच कुठे आहे? मिळतो तेवढ्यात जोर लावायला हवा."

महिनाभर चढणीची वेळ कमी होत गेली, मग अडली, मग उलटी वाढून बावीसवर गेली. त्याने पाच आवर्तनांची सहा केली. सकाळी उठल्याउठल्या चोपन्न असणारी नाडी सदुसष्टवर गेली. झोप उडाली, जेवण गोड लागेना, राग सतत नाकावर. अठरा वर्षं सोबत काम करणाऱ्या जोडीदाराने जरा दम घे म्हणून टोकलं, तर त्यालाच तो वाटेल ते बोलला.

त्याच आठवड्यात एका आठ मजली इमारतीत दोघं कामाला गेले. जोडीदार सातव्या मजल्यावरचा दरवाजा तपासायला जिन्याने वर गेला. मिस्त्री पाचव्यावरून, चौथ्यावर थांबलेल्या लिफ्टच्या टपावर उतरला. उतरताच लिफ्ट जागीच रोखणारं लाल बटण दाबायचं, ही गोष्ट हाताला पाठ होती. त्या दिवशी हात नुसताच लोंबकळत राहिला. वरून कुणीतरी लिफ्ट बोलावली आणि पायाखालचा टप वर सरकू लागला.

बटण वीतभर अंतरावर होतं. त्याला ते दिसत होतं, पण काय करायचं ते सुचत नव्हतं. वरचा स्लॅब जवळ येत होता. तो खाली बसला, एवढंच.

मोटारीचा आवाज ऐकून जोडीदाराने किल्लीने दरवाजा उघडला. कुठलाही दरवाजा उघडा असला की लिफ्ट चालत नाही; ती हिसका देऊन थांबली. मिस्त्रीच्या डोक्यावर हातभर जागा उरली होती.

जोडीदाराने धावत आठव्यावर जाऊन तिथला दरवाजा उघडला आणि त्याला बाहेर ओढलं. मग मिस्त्रीने स्वतःच साहेबांना फोन लावून घडलं ते सांगितलं आणि टपावरचं काम काही दिवस नको म्हणाला. घरी बायकोलाही काही लपवलं नाही. ती रागावली नाही, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला.

त्याने जोर लावणं थांबवलं आणि हिरवे चौकोन पाळायला घेतले. हळू चालवणं त्याला चढणीहून जड गेलं. हँडलला पिशव्या अडकवलेल्या म्हाताऱ्या बायका त्याला मागे टाकून जात. अकरा दिवस नाडी सदुसष्टवरून खाली येईना. कायमचं काही बिघडलं की काय, या धास्तीने तो पहाटे मनगट धरून बसे. बाराव्या दिवशी एकसष्ट भरली. सातव्या आठवड्यात तो चढण एकोणीस मिनिटं पन्नास सेकंदांत चढला, आणि दुसऱ्या दिवशी चादर ओढून झोपला.

टपावर परत उतरायची वेळ आली तेव्हा मात्र पाय उंबऱ्यावरच अडले. जोडीदार दरवाजा धरून उभा होता.

"आज मी उतरू का?" त्याने विचारलं.

"नको. तू फक्त ऐक," मिस्त्री म्हणाला, आणि आत वाकून बटण दाबत मोठ्याने म्हणाला, "लाल, दाबलं."