‘ॲगनी’ हा शब्द मी मुलांना शिकवत होते

“मॅडम, आपके दाँत बेचारे बेकसूर हैं,” डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी कापसाचा एक बारीक धागा माझ्या नाकाच्या उजव्या बाजूला टेकवला. नुसता टेकवला. गालातून डोळ्यापर्यंत वीज गेली. मी खुर्चीचे हात घट्ट धरून ताठ बसून राहिले. ओरडले नाही. ओरडायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की दुसरी वीज येते, हे मला तोवर चांगलं कळून चुकलं होतं.

डॉक्टरांनी हात मागे घेतला. “सॉरी. अब नहीं छुऊँगा.” संगणकापाशी बसलेल्या सहायक डॉक्टरला त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, उजवी बाजू. आणि पुढे म्हणाले, “पेशंट इज इन ॲगनी.”

मी हिंदी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. ‘ॲगनी’ म्हणजे घोर पीड़ा, असं फळ्यावर कितीदा लिहिलं असेन. वाक्यात उपयोग : द वूंडेड सोल्जर क्राइड आउट इन ॲगनी. जखमी सैनिक वेदनेनं ओरडला. मुलं घोकायची, पेपरात लिहायची, मी मार्क द्यायची. तो शब्द माझ्याबद्दल कुणी वापरेल असं मनातही आलं नव्हतं.

आजाराचं नाव समजावून सांगते, कारण मला ते कळायला फार उशीर झाला. ट्रायजेमिनल ही चेहऱ्याची नस. कपाळ, गाल आणि जबडा अशा तीन फांद्या. न्यूराल्जिया म्हणजे नसेचं दुखणं. आत, मेंदूजवळ, एखादी रक्तवाहिनी या नसेला टेकते आणि तिच्या प्रत्येक ठोक्यासरशी नस घासली जाते. “वायर की कोटिंग घिस जाती है न, वैसा समझिए,” डॉक्टर म्हणाले. मग साधा स्पर्शही नसेला विजेसारखा लागतो.

सुरुवात झाली ती दात घासताना. थंडीचे दिवस होते. ब्रश वरच्या दाढेला लागला आणि चेहऱ्यात काहीतरी सणकलं. क्षणभरच. वाटलं, दाढ किडली. पुढच्या आठवड्यात चहा पिताना तेच झालं. मग कुंकू लावताना, मग पंख्याचा वारा लागला तरी.

दाताच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रेमध्ये एक दाढ खरंच किडलेली निघाली, ती काढली. दुखणं राहिलंच. मग शेजारच्या दाढेची रूट कनाल झाली, म्हणजे दाताच्या मुळातली नस काढून ती जागा भरली. तरी राहिलंच. तिसरी दाढ काढायची म्हटल्यावर त्या डॉक्टरांनाच शंका आली आणि त्यांनी मला न्यूरोच्या, म्हणजे नसांच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांचे आभार मानते. बऱ्याच जणांचे चार-पाच चांगले दात जातात, असं पुढे ऐकलं.

तोवर मी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. घरात आम्ही तिघं. हे फॅक्टरीतून रिटायर झालेले, आणि सई, आमची मुलगी, इथेच बँकेत. इथे हिंदी मुलखात, दीक्षितपुऱ्यात, आमच्या चार पिढ्या गेल्या. मराठी घरात बोलायची, बाहेर सगळं हिंदी. सईला मराठी कळते सगळी, पण बोलताना मध्येच हिंदीत जाते.

“काहून गं, काही खाऊन नाही राहिली तू? बोल ना काहीतरी,” हे विचारायचे. मी मान हलवायची. त्यांना वाटायचं, रागावली. मग ते पुन्हा विचारायचे. प्रेमानंच विचारायचे, पण उत्तर द्यायचं म्हणजे वीज. मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. तिथून गच्चीवर. गच्चीवर वारा, म्हणून पुन्हा खाली. दिवसभर घरात येरझारा. एका जागी बसलं की वीज येईल असं वाटे, चाललं की येईल असं वाटे. कुठंच टेकवत नव्हतं.

खरं सांगायचं तर झटका काही सेकंदांचाच असतो. बाकीचा सगळा वेळ दुखत नसतं. म्हणूनच लोकांना वाटतं, आता तर ही ठीक आहे. मलाही वाटायचं की दुखत नसताना मी अशी का तडफडतेय?

याचं उत्तर एमआरआयच्या दिवशी मिळालं. एमआरआय म्हणजे चुंबकाच्या मशीनमधून घेतलेली आतली चित्रं. बाहेर बाकावर नंबराची वाट बघत बसलो होतो. सईच्या मैत्रिणीचा फोन आला. पलीकडून ती म्हणत होती, ट्रॅफिकमध्ये अडकले, टोटल ॲगनी यार. मला हसू आलं, आणि हसल्याबरोबर झटका आला. सईनं फोन ठेवला.

“आई, तू नको हसू. मैं उसको डाँटती हूँ.”

मी फोनवर टाइप करून तिला दाखवलं : पेन वी हॅव. ॲगनी वी आर इन.

तिला कळलं नाही. मी पुन्हा लिहिलं, मराठीत. इंग्रजीत ‘आय हॅव अ पेन’ म्हणता येतं, दुखणं आपल्याजवळ असतं, जसं डोकेदुखी असते. पण ‘आय हॅव ॲन ॲगनी’ असं कुणी म्हणत नाही. त्यात आपण असतो. ‘इन ॲगनी.’ झटका येऊन गेला तरी मी बाहेर येत नाही, कारण पुढच्याची वाट बघत आतच बसलेली असते.

सईनं ते वाचलं.  मग उठून दुसऱ्या बाजूला, एसीच्या वाऱ्याच्या आणि माझ्या मध्ये बसली.

डॉक्टरांना मी आणखी एक गोष्ट लिहून सांगितली, जी घरात सांगितली नव्हती. सकाळी जाग येऊच नये असं वाटतं. त्यांनी ते वाचलं, सईला बाहेर पाठवलं नाही, उलट तिच्यासमोरच म्हणाले, “ये बीमारी ऐसा सोचने पर मजबूर करती है. आप कमज़ोर नहीं हैं. पर अब अकेली मत रहिएगा, और जब भी ऐसा लगे, हमें बताइए.” तुम्हाला असं वाटत असेल तर तुम्हीही सांगा. डॉक्टरांना, घरच्यांना. मी सांगितलं म्हणून आज हे लिहिते आहे.

कार्बामाझेपिन नावाची गोळी सुरू झाली. ती मुळात फिट्सची आहे, पण चिडलेल्या नसेला शांत करते. अंगावर पुरळ आलं तर लगेच फोन करा, असं बजावलं होतं. चौथ्या दिवशी मी वरण-भात खाल्ला, पोटभर. हे समोर बसून बघत होते, स्वतःचं ताट विसरून.

पण सुख टिकलं नाही. झटके परत आले, डोस वाढला, आणि माझे शब्द हरवायला लागले. वर्गात ‘विंडो’कडे बोट दाखवून उभी राहिले, शब्दच येईना. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. चालताना तोल जायचा. रक्त तपासलं तर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, फार खाली गेलेलं. भरती व्हावं लागलं.

तेव्हा ऑपरेशनचं ठरलं. मायक्रोव्हॅस्क्युलर डीकंप्रेशन. कानाच्या मागे हाडात छोटं भोक पाडून आतली रक्तवाहिनी नसेपासून बाजूला करायची आणि मध्ये टेफ्लॉनची बारीक गादी ठेवायची.

“मेंदूजवळ कापायचं म्हणून राहिले ते,” हे म्हणाले. “गोळी वाढवून पाहू ना अजून. काही झालं तर?”

“बाबा, तिला विचारा ना,” सई म्हणाली.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. झटका येणार हे माहीत असून उघडलं. “करू या,” एवढंच म्हटलं, आणि झटका आला. तो ओसरेपर्यंत यांनी माझा हात धरून ठेवला. मग म्हणाले, “चलो. ठीक आहे.”

धोके डॉक्टरांनी लपवले नाहीत. कानाला कमी ऐकू येऊ शकतं, चेहरा बधिर होऊ शकतो, क्वचित त्याहून वाईटही. सगळं ऐकून मी सही केली.

शुद्ध आली तेव्हा डोकं जड होतं, मळमळत होतं, कानामागे ठणका होता. पण हा ठणका साधा होता, जखमेचा. केरळची सिस्टर पाणी घेऊन आली. “मुँह खोलिए दीदी.” मी ओठ मिटूनच राहिले. ती थांबली. पुन्हा म्हणाली नाही, चमचा धरून उभी राहिली. शेवटी मी उघडलं. पाणी गेलं. काही झालं नाही. आणखी एक चमचा. काही झालं नाही. मी रडायला लागले, आणि रडतानाही काही झालं नाही.

उजव्या कानात अजून थोडी शीळ वाजते. दुखणं परत येऊ शकतं, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. कुणी अचानक गालाजवळ हात नेला तर मी दचकते. बाकी मी जेवते, शिकवते, भांडते.

परवा एका सहशिक्षिकेनं विचारलं, तिच्या वहिनीला हेच निघालंय, बोलशील का? वहिनी सिहोऱ्याला असतात. मी फोन लावला. पलीकडून उचलला, पण आवाज नाही. नुसता श्वास.

पूर्वीची मी असते तर हॅलो, हॅलो करत बसले असते.

“वहिनी,” मी म्हटलं, “बोलू नका. काहीच बोलू नका. ‘हो’ म्हणायचं असेल तर फोनवर बोटानं एकदा वाजवा. जवळ कुणी आहे ना तुमच्या?”

टक.

“आता झटका येऊन गेला का?”

थोडा वेळ गेला. टक.

“बरं. मग मी बोलते. तुम्ही नुसतं ऐका.”