बर्फावर अकोल्याची धार

आमच्या मुली बर्फावर उतरल्या आणि दोन मिनिटांत अकराच्या अकरा आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅच होती. कठड्याला टेकून बाकीच्या कॉलेजांच्या टीम हसत होत्या.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात स्पोर्ट्‌स टीचर. आइस हॉकीची टीम घेऊन हिमाचलात जातो म्हटल्यावर आमच्या प्रिन्सिपलनी मला आधी तब्येत विचारली होती. अमरावतीत बर्फ भेटतो तो रसवंतीवर. आमचा सीझन म्हणजे वर्षभर बास्केटबॉल कोर्टवर चाकांचे स्केट्स आणि यंदा पहिल्यांदाच आठवडाभर खरा बर्फ.

पात्याचे स्केट्स पुण्याच्या एका क्लबाने जुने म्हणून दिले होते. पाती बोथट, गंजलेली. मी ती अकोल्याला, जुन्या शहरात रमेशभाऊंकडे टाकली. आमची समीक्षा त्यांचीच मुलगी. शिंप्यांच्या कात्र्या असोत की शेतातले विळे, धार म्हटलं की लोक त्यांच्याकडेच येतात. मी म्हटलं, भाऊ, कडक धार पाहिजे. मुलीच्या टीमचं काम म्हणून त्यांनी बाकीची कामं बाजूला सारली आणि शेवटी पात्याने वर्तमानपत्र कापून दाखवलं. मी खूश.

आता यजमान टीमच्या कोचने समीक्षाचा स्केट उलटा केला, पात्यावर नख फिरवलं आणि विचारलं, भाजी चिरायची आहे का? मग त्यांनी समजावलं. स्केटच्या पात्याला तळाशी लांबच लांब उथळ खाच असते. तिच्यामुळे दोन्ही बाजूंना दोन कडा राहतात. वळताना, थांबताना त्यातली एक कड बर्फ पकडते. आमच्या पात्याला मधोमध एकच धार, सुरीसारखी. खाच पाडायचं मशीन खालच्या शहरात होतं. जाऊन यायला दोन दिवस.

समीक्षा एकटीच बाजूला जाऊन बसली. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, पुन्हा ही संधी नव्हती.

"सर, माह्या बाबानं सगळ्यायचं वाटोळं केलं. पोरी मले काई म्हणत नाईत, पण समजते ना मले."

मला ते ऐकवेना. मी टीमला जमवलं आणि सांगितलं, चूक माझी आहे. आयुष्यभर चाकं बदलली, पातं हातात आल्यावर कोणाला चार गोष्टी विचारल्या नाहीत. मग सगळ्यांसमोर रमेशभाऊंना व्हिडिओ कॉल लावला.

खाचेचं ऐकून त्यांनी पातं कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं.

"सर, तुमी मले सांगतलंच नाई का याले खाच लागते. समीले द्या फोन."

कोचकडे हाताने फिरवायची एक गोल दगडी कांडी होती. समीक्षा लहानपणापासून वडिलांच्या धारेच्या चाकाशी बसलेली. तिने चपट्या दगडाने आधी ती सुरीसारखी धार घालवली, पातं सपाट केलं, मग मधोमध कांडी चालवायला घेतली. फोन कठड्यावर उभा होता.

"हात हलका ठेव, बेटा. दगडाले काम करू दे," रमेशभाऊ मधूनमधून एवढंच म्हणत होते.

सकाळी बसलेली पोरगी ऊन उतरायच्या आत अकराव्या जोडापर्यंत पोचली. थंडीने बोटं फुटली होती. कोचने शेवटच्या पात्यावर नख फिरवलं आणि नुसती मान डोलावली.

मॅच आम्ही तीन-दोनने हरलो, पण उभ्याने हरलो. दुसरा गोल समीक्षाचा. भरधाव आली, गोलकीपरसमोर जागच्या जागी थांबली आणि पकची रबरी चकती आत सरकवली. गोलपेक्षा त्या थांबण्याने माझे डोळे भरले. वीस वर्षांच्या नोकरीत मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी यजमान कोच आमच्या खोलीवर आले. मी पुढे झालो. त्यांना माझ्याशी काम नव्हतं. त्यांच्यामागे त्यांच्या चार मुली हातात स्केट्स घेऊन उभ्या होत्या. समीक्षाने अकोल्याला फोन लावला.

"बाबा, गिऱ्हाईक आले."

रमेशभाऊंच्या पाटीवर आता कात्री, विळा, सुरी यांच्याखाली ‘बर्फाचे जोडे’ असंही लिहिलेलं आहे. अख्ख्या अकोल्यात त्याचं गिऱ्हाईक मी एकटाच. जाताना खाचेचं चित्र कागदावर काढून नेतो, आणि ‘कडक’ हा शब्द तोंडातून काढत नाही.